संस्थानाची नोकरी, लँकेशायरचा शनिवार

विजय हजारे मूळचे सांगलीचे, जन्म १९१५ चा. आधी महाराष्ट्राकडून खेळले, मग देवासच्या राजांच्या आश्रयाने मध्य भारताकडून, पुन्हा महाराष्ट्राकडून आणि अखेर बडोद्याला आले ते कायमचेच. त्या काळी क्रिकेटवर पोट भरायचे तर संस्थानिकाचा आधार लागे. हुद्दा दरबारचा, काम मैदानावरचे. देवासकरांनी त्यांना ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटच्या हाताखाली शिकायला घातले. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहण्याची हजाऱ्यांची तऱ्हा कुठल्याच पुस्तकात बसणारी नव्हती. ग्रिमेटने ती बदलायला लावली नाही, यातच त्याचे मास्तरपण दिसते.

१९३९-४० च्या मोसमात हजाऱ्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा कुटल्या, त्याही बडोद्याविरुद्ध. पुढे त्याच बडोद्याने त्यांना आपल्याकडे घेतले. मार खाल्ल्यावर सुचलेले शहाणपण, दुसरे काय!

मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर. तीन बाद ९१ वर हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली आणि तिने ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कुठल्याही गड्यासाठीच्या भागीदारीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. सांगलीचा ख्रिस्ती मराठी आणि लाहोरचा मुसलमान बडोद्यासाठी घाम गाळत होते, आणि वर्ष फाळणीचे. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. होळकरांचा दरबारही काही मागे नव्हता. १९४५ च्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडून चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला होता.

मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत मात्र संघ धर्मावर ठरत. हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’ म्हणजे ‘इतरां’च्या संघात. १९४३ च्या त्या स्पर्धेत आधी हजाऱ्यांनी २४८ करून विजय मर्चंटांचा सर्वोच्च वैयक्तिक धावांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या मर्चंटांनी ‘रेस्ट’विरुद्ध नाबाद २५० करून तो परत घेतला. मग त्याच सामन्यात संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेकचा वाटा २१. धावा थोड्या, पण दुसरे टोक धरून ठेवणे हेही कामच. हरलेल्या बाजूची ही खेळी मला त्या ५७७ पेक्षा मोठी वाटते.

असे एकाकी लढणे हजाऱ्यांच्या वाट्याला वारंवार आले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाच्या लिंडवॉल-मिलर या वेगवान जोडीसमोर ११६ आणि १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात सहा सहकारी शून्यावर बाद झाले होते.

संस्थाने विलीन झाली, तरी खेळाडूला पगार हवाच होता. हजारे लँकेशायरमधल्या रॉटनस्टॉल क्लबचे व्यावसायिक खेळाडू झाले. गिरण्यांची गावे, शनिवारी दुपारचे सामने, संघात व्यावसायिक एकच. तो चमकला की प्रेक्षकांत पैशांची पेटी फिरे. इकडे १९५२ मध्ये भारताने मद्रासला आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते.

बडोद्याचे संस्थान गेले तरी रणजी संघ वेगळाच राहिला, तो आजही गुजरातच्या संघात सामावलेला नाही. दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५७-५८ चा करंडक जिंकणाऱ्या संघात चाळिशी ओलांडलेले हजारे होते. डिसेंबर २००४ मध्ये ते वडोदऱ्यातच वारले.