ताईची बाराखडी

— द्वितीय वर्ष, कला

माझ्या ताईचं लग्न झालं आणि वर्षाच्या आतच ती दाजींबरोबर जपानला गेली. दाजी टोकियोत एका संगणकाच्या कंपनीत नोकरीला. आमच्या गावातून मुंबई-पुण्याला गेलेली माणसं पुष्कळ, पण समुद्र ओलांडलेली ताई पहिलीच. त्यामुळे आमच्या घराला एकदम भाव आला. दळण घेऊन गेलं तरी गिरणीवाले काका विचारायचे, "काय म्हणतंय जपान?" मीही कॉलेजात मैत्रिणींना ऐटीत सांगायची की, तिथे १९६४ सालापासून शिंकान्सेन गाडी धावते. जणू काही मीच ती चालवत होते!

ताई स्वतः मात्र फोनवर फारसं बोलायची नाही. "बरं आहे," एवढंच. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आम्ही दुपारी चारला फोन करावा, तर तिकडे साडेसात वाजलेले, दाजी अजून कामावर आणि ताई घरात एकटी.

एके दिवशी मात्र ती रडलीच. शेजारच्या जपानी आजींना तिने हौसेने चहाला बोलावलं होतं. आजींनी एक घोट घेतला, हसून मान लववली आणि सावकाश सगळा कप संपवला. त्या गेल्यावर ताईने स्वतःचा कप तोंडाला लावला, तर चहा खारट! दुकानातून साखर म्हणून आणलेला पुडा मिठाचा निघाला होता. पुडे दोन्ही सारखेच, आणि वरची अक्षरं एक वाचता येईल तर शपथ.

"बारावी झालेली मी," ताई हुंदके देत म्हणाली, "मला साखर न् मीठ ओळखता येत नाही. अडाणी झालेय गं मी इथं!"

मला हसू आलं होतं. पण आईकडे पाहिलं आणि ते घशातच राहिलं. आईने माझ्या हातातून फोन घेतला. "अगं, मग आमचा जलम कसा गेला असंल?" ती म्हणाली. "पुडा घरी आणला की आधी कणभर जिभेवर ठेवायचा, मगच डब्यात वतायचा. गाडीचं नाव वाचता येत न्हाई, तर रंग ध्यानात ठेव. थांबं मोज. आन विचारायला लाजू नगंस. लाजलं की मानूस चुकतंय."

'अडाणी' हा शब्द आईने ऐकला होता. त्यावर ती काही बोलली नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दोन महिन्यांपूर्वीच मी तिच्याबरोबर बँकेत गेले होते. कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली आणि आईने अंगठा टेकवला, तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले होते. रांगेत माझ्या वर्गातली एक मुलगी होती. ही माझी आई, हे तिला कळू नये असं मला वाटलं होतं.

गंमत अशी की, आईचा सल्ला टोकियोत अगदी बरोबर लागू पडला. तिथल्या भुयारी रेल्वेच्या प्रत्येक मार्गाला ठरलेला रंग आहे आणि २००४ पासून स्टेशनांना क्रमांकही आहेत. ताईचा मार्ग तोझाई, आभाळी रंगाचा. तिचं स्टेशन निशी-कासाई, क्रमांक १६. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, आमच्यासारख्यांची सोय करनारं कुनीतरी शानं मानूस तिथंबी हाय."

ह्या निशी-कासाईत भारतीय माणसं बरीच आहेत. तो भाग एदोगावा प्रभागात येतो. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्या प्रभागाच्या सभेवर निवडूनही आले. ताईला तिथे ओळखी झाल्या आणि त्यांतल्याच एकीबरोबर ती जपानीच्या वर्गाला जाऊ लागली. तिथे हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिप्या, प्रत्येकीत मूळची ४६ अक्षरं. शिवाय चिनी चित्रलिपीतली कांजी, आणि तीही नित्याच्या वापरासाठी ठरवून दिलेली २,१३६! ताई म्हणाली, "पहिलीत बसल्यासारखं वाटतंय."

एकदा तिने फोनवर धडा म्हणून दाखवला : "अ, इ, उ, ए, ओ, क, कि, कु, के, को..." आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "ही तर आपलीच बाराखडी!"

आम्ही हसलो. पण नंतर ग्रंथालयात शोधलं, तर आईचंच खरं! बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृतचा अभ्यास जपानात पोचला आणि त्यांच्या अक्षरांचा हा क्रम त्यातूनच घडला. क, स, त, न, ह, म, य, र, व : मधली काही मंडळी गैरहजर, पण रांग आपलीच. आम्ही दोघी बहिणी लहानपणी पाठांतर करायचो तेव्हा आई तिथेच कामात असायची. तिच्या कानांना सगळी बाराखडी पाठ होती. डोळ्यांना मात्र एका अक्षराची ओळख नव्हती.

गेल्या शरदात ताई-दाजी कोयासान नावाच्या डोंगरावर जाऊन आले. कूकाई ह्या आचार्यांनी ८१६ साली वसवलेलं हे क्षेत्र. मुक्काम देवळातच, जेवण शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नाही. कूकाई तिथे आजही समाधीत बसले आहेत अशी भाविकांची श्रद्धा, म्हणून त्यांना रोज दोन वेळा जेवण नेतात. आई म्हणाली, "म्हंजी आळंदीच की!"

समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर उंच झाडांच्या सावलीत हजारो स्मारकं आहेत. एकावर एक पाच दगड, पंचमहाभूतांचे. त्यांतल्या काहींवर ताईला वेगळीच अक्षरं दिसली. ती सिद्धम् लिपी, आपल्या नागरीची नात्यातली. "वाचता आली नाहीत गं," ताई म्हणाली, "पण गर्दीत लांबून आपल्या माणसाची चाल ओळखावी तसं झालं." सगळ्यांत खालचा दगड पृथ्वीचा, त्यावरचं अक्षर 'अ'. त्या पंथाचे लोक ह्या एका 'अ'पुढे बसून ध्यान करतात.

फोन ठेवल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो अ कसा काढत्यात, दावतीस?"

मी परातीतल्या पिठात बोटाने 'अ' काढला. ताईने पाहिला तो नव्हे, आपला, रोजचा. आईने त्याच्या शेजारी दुसरा काढला. उभी रेघ जरा कलली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "उद्या सरळ यील."

ताई आता दुकानातल्या पुड्यावरचं 'साखर' वाचते. आईचं नाव तीन अक्षरांचं आहे. त्यातलं एक तिला येतं. पुढच्या महिन्यात बँकेत जायचं आहे. सही होते की अंगठाच उठतो, ठाऊक नाही. मी मात्र ह्या वेळी कॅलेंडर बघणार नाही, आईच्या शेजारी उभी राहणार आहे.