कबुलीची रांग

सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव माणसांनी फुलून जातं. एरवी हे जुन्या साखर कारखान्याचं गाव. मेणबत्त्यांच्या गर्दीत पापनिवेदनाची रांगही असते. गुडघे टेकायचे, हळू आवाजात सांगायचं. फादर ऐकतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना सांगतात, क्षमा जाहीर करतात. माणूस मोकळा. (नगर शहरातल्या अमेरिकन मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळींना ही रांग माहीत नाही; त्यांचा कारभार थेट देवाशी.)

वर्षातून एकदा तरी पाप सांगायचंच, हा नियम कॅथलिक चर्चच्या १२१५ सालच्या लॅटरन परिषदेचा. गुपित फोडणाऱ्या पुरोहिताला पदावरून काढून जन्मभर मठात डांबावं, असंही तिथं ठरलं. त्याच परिषदेनं पुरोहितांना दिव्यांपासून दूर केलं. दिव्य आपल्यालाही नवं नाही. मराठेशाहीत रवादिव्य व्हायचं : उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, हातावर पिशवी चढवून मोहर करायची आणि काही दिवसांनी हात उघडून खरंखोटं ठरवायचं. युरोपात पुरोहित बाजूला झाला आणि देवाचा कौल संपला. मग न्यायाधीशाला हवेत दोन प्रत्यक्ष साक्षीदार, नाहीतर आरोपीची कबुली. रात्रीच्या खुनाला दोन साक्षीदार आणायचे कुठून? कबुली उरली, आणि तिच्यामागून छळ आला. छळाखाली बोललेलं नंतर छळाच्या खोलीबाहेर स्वखुशीनं पुन्हा बोलायचं, असा दंडक होता. नाकारलं तर पुन्हा आत. चर्चमधली कबुली कोर्टानं उचलली, क्षमा तेवढी उचलली नाही, असं मला वाटतं.

आपला १८७२ चा पुरावा कायदा करणाऱ्या इंग्रजांना छळातून कबुली कशी निघते, हे पक्कं माहीत होतं. पोलिसांपुढची कबुली पुरावा नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. कबुली द्यायचीच तर मॅजिस्ट्रेटसमोर. पोलीस खोलीबाहेर. साहेब आधी बजावतात : तुझ्यावर सक्ती नाही, बोललास तर तुझ्याच विरुद्ध वापरलं जाईल, नाही बोललास तरी तुला पोलिसांच्या ताब्यात देणार नाही. मग विचार करायला वेळ, सहसा चोवीस तास. फादर नेमकं उलटं सांगतात : बोल, सुटशील. आणि गंमत म्हणजे अशिलाचं गुपित राखायची मुभा या कायद्यात वकिलाला आहे, पुरोहिताला नाही.

तरी एक फट ठेवलीच आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढा भाग चालतो. म्हणून पंचनाम्यात ‘स्वखुशीने निवेदन केले की, कुऱ्हाड काढून देतो’ हे वाक्य येतं. मग जीप, दोन पंच, उसाचा फड, मातीतून निघालेली कुऱ्हाड. आदल्या रात्री कोठडीत काय झालं, हे त्या कागदावर नसतं. उलटतपासणीत बचावाचा वकील तेच विचारतो आणि पंच बहुधा ‘मला माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो.