पुतण्याची खातेवही

जुलै महिना उजाडला की आमच्या कुटुंबातील तरुण मंडळींना माझ्याविषयी एकाएकी प्रेमाचे भरते येते. चाळीस वर्षे हिशेबनिसाचे काम केलेला आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र फुकट भरून देणारा काका घरातच आहे, ही गोष्ट नातलगांत सर्वश्रुत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत माझा धाकटा पुतण्या असाच आला. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो नोकरीत स्थिरावेल अशी आम्हा सर्वांची समजूत होती. ती त्याने मोडली आणि तो डीजे झाला. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मिरवणुकीतील भिंतीएवढे कर्णे आणि थरथरणारी तावदाने उभी राहत. तेव्हा त्याची वही उघडताना माझ्या मनात कुतूहलापेक्षा अढीच अधिक होती, हे कबूल केले पाहिजे.

"काका, माझे धंदे दोन आहेत," तो म्हणाला. "रात्री वाजवतो आणि दिवसा बनवतो. दोन्हींची पाने वेगळी ठेवली आहेत."

वाजवण्याचे पान मला लगेच उमगले. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे : बिदागी. कीर्तनकाराला ती मिळे, बैठकीतल्या गवयाला मिळे, तशीच या पोराला मिळते. निम्मी रक्कम विसार म्हणून आधी, उरलेली कार्यक्रम संपल्यावर, आणि पुष्कळदा बऱ्याच तगाद्यानंतर. काम आणून देणारा मध्यस्थ शेकडा पंधरा घेतो. देणारा दहा टक्के कर कापूनच पैसे हाती ठेवतो. बिदागीचा आकडा कलेवर ठरत नाही. त्या रात्री याच्या नावावर दारातून किती माणसे आत येतील, यावर ठरतो. लग्नसराईत पान भरलेले, पावसाळ्यात कोरडे. आणि गंमत अशी की, ज्या गाण्यांवर लोक नाचतात, त्यांत याचे स्वतःचे एखाददुसरेच असते. बाकी सारी दुसऱ्यांची. हा ती एकमेकींत सफाईने गुंफतो.

बनवण्याचे पान पाहून मात्र मी चष्मा पुसला. खोलीत संगणकापुढे बसून, ताल, खर्ज, सूर एकावर एक रचून तो स्वतःची गाणी तयार करतो. एकेका गाण्याला महिना लागतो. त्यापुढे जमेला आकडे होते : अकरा रुपये चाळीस पैसे, सात रुपये, एकोणीस रुपये. त्याने मला समजावून सांगितले की, एका गाण्यात दोन मालमत्ता असतात, एक रचनेची आणि दुसरी ध्वनिमुद्रणाची, आणि दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी ठिबकत येतात. रचनेचे पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था आपल्याकडे 1969 पासून आहे. ध्वनिमुद्रणाचे पैसे ज्यांच्याकडून यायचे, त्यांपैकी स्पॉटिफायने तर 2024 पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत जे गाणे हजार वेळा ऐकले गेले नाही, त्याला काहीच द्यायचे नाही. मग पोट भरायला हा जाहिरातींना सुरावटी करून देतो, शिकवण्या करतो, स्वतः तयार केलेले ढोलाचे, टाळीचे सुटे आवाज इतर कारागिरांना विकतो. वाण्याच्या दुकानात कापडापेक्षा सुईदोऱ्यावर अधिक नफा व्हावा, तसा हा प्रकार.

पानाच्या शेवटी पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता : चाळीस हजार. नाव नाही, तारीख नाही.

"हे काय?"

तो जरा घुटमळला. एका नावाजलेल्या वादकाच्या माणसाने याचे एक तयार गाणे मागितले होते. पैसे एकदाच. गाण्यावर नाव त्या वादकाचे. आणि हे आपण बनवले असे कधीही, कुणालाही सांगणार नाही, असे याने लिहून द्यायचे. घराची अनामत भरायची होती, म्हणून तो मला विचारायला आला होता. विवरणपत्र हे निमित्त होते.

मी तत्काळ म्हणालो, "घे. तुझ्या नावाने तेच गाणे अकरा रुपये चाळीस पैसे आणील."

त्यावर त्याने मला चरणजित सिंग यांची हकीकत सांगितली. हे गृहस्थ मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजवीत. 1982 साली त्यांनी रोलंड कंपनीची नवी विद्युत्-वाद्ये घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. ती कुणी घेतली नाही. पुढे 1987 मध्ये त्यांतल्याच एका वाद्यावर शिकागोच्या तरुणांनी जे संगीत काढले, त्याने युरोप वेडा झाला. आणि 2002 मध्ये एका डच संग्राहकाच्या हाती ही मुंबईची तबकडी पडली, तेव्हा जाणकार थक्क झाले. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली. सत्तरी गाठलेले चरणजित सिंग परदेशांत जाऊन वाजवू लागले. 2015 मध्ये ते वारले.

"म्हणजे मधली अठ्ठावीस वर्षे त्यांनी पोट भरले ते लग्नकार्यांत वाजवूनच ना?" मी विचारले.

"हो," तो म्हणाला. "पण वेष्टनावर नाव होते, काका. म्हणून त्यांना शोधता आले."

प्रामाणिक असल्यामुळे त्याने उलट दाखलाही दिला. 1969 सालच्या एका अमेरिकन गाण्यात ग्रेगरी कोलमन या वादकाने सहासात सेकंद ढोल वाजवला. ते तुकडे पुढे हजारो गाण्यांत वापरले गेले. पण 2006 मध्ये तो दारिद्र्यातच मेला. 2015 मध्ये इंग्लंडातील दोघा डीजेंनी चोवीस हजार पौंड जमवले, ते त्या वाद्यवृंदाच्या म्होरक्याला मिळाले. नाव असले म्हणजे पैसा येतोच असे नाही. नाव नसले तर मात्र यायची वाटच बुजते. आपल्याकडे 2012 च्या कायद्याने संगीतकाराचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. पण तो मागायला नाव सांगावे लागते, आणि हा तर ते न सांगण्याचेच लिहून देणार होता.

मी माझा सल्ला बदलला नाही. त्याने गाणे विकले. मी आकडा शाईने गिरवला.

गेल्या हिवाळ्यात नाशिकला आमच्याच नात्यातले लग्न होते. मुलीकडचा खर्च माझ्या हातून होत असल्यामुळे, वाजवणाऱ्याची सव्वा लाखाची बिदागी मीच मोजली होती. रात्री मध्येच एक गाणे सुरू झाले आणि मांडवात खुर्चीवर कुणी राहिले नाही. आमच्या वहिनीसुद्धा, गुडघे विसरून, उठल्या. पुतण्या माझ्याशेजारी जिलबीची बशी घेऊन उभा होता. त्याचे बोट बशीच्या कडेवर वाजत होते; आणि गाण्यातले प्रत्येक वळण त्या बोटावर क्षणभर आधी येत होते.

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने सांगायचे नव्हते. मी विचारले नाही. समोर त्याची आई नाचत होती, आणि आपण कुणाच्या गाण्यावर नाचतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते.

"काका, जिलबी गार होते आहे," तो म्हणाला.

या जुलैत वही पुन्हा आली. शेवटी पेन्सिलीचा आकडा होताच. या वेळी साठ हजारांचा. मी न बोलता खोडरबर त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो हातात घेतला, थोडा वेळ फिरवला, आणि परत माझ्या दौतीशेजारी ठेवला.

"भाडे वाढले आहे," तो म्हणाला.

मी आकडा शाईने गिरवला. मात्र समोरच्या कोऱ्या जागेत, नियमाविरुद्ध, त्या गाण्याचे नाव त्याला विचारून लिहून ठेवले आहे. ही वही घराबाहेर जाणार नाही.