न मागता झालेली आवराआवर

लेखनाच्या मेजावरील पसाऱ्याला एक व्यवस्था असते, हे ज्यास कळले त्यास लिहिणाऱ्याचे घर कळले. पाहणाऱ्यास जेथे कागदांचा ढीग दिसतो, तेथे बसणाऱ्यास वाटा दिसत असतात: डाव्या हाताशी उत्तरे द्यावयाची पत्रे, उजव्या हाताशी न द्यावयाची, आणि शाईच्या दौतीखाली ती बिले, की जी दिसू नयेत पण हरवूही नयेत. अशा मेजावर कोणी मायेने फडके फिरविले आणि सारे कागद उंचीच्या क्रमाने लावून ठेवले, तर त्या मायेचे आभार मानावे की कपाळास हात लावावा, हा प्रश्न पुष्कळ गृहस्थांना आपापल्या संसारात सोडवावा लागला आहे. आवरणारे माणूस घरातले असले, तर निदान भांडता येते. परंतु हल्ली आमचे मेज बव्हंशी संगणकाच्या पडद्यावर गेले आहे. आणि ते आवरणारा कोण, तो कोठे राहतो, कोणत्या वेळी येऊन जातो, यातले काहीच आमच्या हाती उरलेले नाही. रात्री संगणक मिटून निजावे, सकाळी उघडावा, तो पडद्यावर गरगर फिरणारे टिंबांचे कडे आणि त्याखाली धीर देणारे एक वाक्य: आम्ही तुमच्यासाठी सर्व सज्ज करीत आहोत.

या वाक्यातील 'आम्ही' वाचून आम्हांस किंचित मत्सर वाटतो. स्वतःस 'आम्ही' म्हणविण्याचा अधिकार आजवर राजे, संपादक आणि आमच्यासारखे निबंध लिहिणारे एवढ्यांनाच होता. राजांपाशी सैन्य होते, संपादकांपाशी छापखाना होता, आमच्यापाशी वाचकांच्या सौजन्याखेरीज काहीच नाही. या नव्या 'आम्ही'पाशी मात्र आमच्या घराची किल्ली आहे.

कडे फिरावयाचे थांबले म्हणजे आपण आपल्याच यंत्रापुढे पाहुण्यासारखे बसतो. अक्षरे बारीक झालेली असतात. तारखेत महिना आधी व दिवस मागून आलेला असतो. त्यामुळे पाच जूनचा कागद सहा मेचा वाटू लागतो. छपाईचे यंत्र ए४ कागद विसरून अमेरिकेतील लेटर मापाचा कागद मागू लागते. तो कागद ए४पेक्षा किंचित रुंद आणि जवळपास अंगुळभर आखूड असतो, व आमच्या गावच्या स्टेशनरीच्या दुकानात तो कोणी पाहिलेलाही नाही. दुवा उघडावा, तर ओळखीच्या ब्राउझरऐवजी भलताच पुढे येतो. आमचे यंत्र कोणत्या कंपनीच्या प्रणालीवर चालते, हे येथे लिहीत नाही. कारण इष्टमित्रांशी बोलताना असे दिसले, की कंपनी कोणतीही असो, गाऱ्हाणे थोड्याफार फरकाने तेच असते.

कोणी म्हणेल, एवढ्यातेवढ्याचे काय घेऊन बसलात? पुन्हा लावा, झाले! पण ही सेटिंगे कोणी एका बैठकीत लावलेली नसतात. एके रात्री डोळे चुरचुरले म्हणून पडद्याचा उजेड कमी केलेला असतो. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा अक्षर वाढविलेले असते. दिवाळीस पुण्याहून भाचा आला असता त्याने कसलीशी खूण कोठेशी काढून टाकलेली असते, आणि त्या दिवसापासून यंत्र मुकाट काम करू लागलेले असते. ती खूण कोणती हे त्यालाही आता आठवत नाही. ज्या गोष्टी आपण विसरू शकतो म्हणून सुखाने काम करतो, त्या सर्व एका सकाळी पुन्हा आठवावयास लागणे हे काम अर्ध्या तासाचे खचित नव्हे. आपल्या घरात अंधारात पाण्याच्या माठाकडे जाणारा मनुष्य मोजून पावले टाकीत नाही. माठ हलविला म्हणजेच त्याला पावले मोजावी लागतात.

मग अपडेट घेऊच नका, असा सल्ला देणारे मित्रही आम्हांस आहेत. हा सल्ला मात्र आम्ही मानीत नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. ती ज्यांनी लावून घेतली नव्हती, त्यांच्या यंत्रांत त्याच वर्षी १२ मेपासून 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव शिरला आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेव्हा दाराचे कुलूप वेळोवेळी दुरुस्त झाले पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो हा, की कुलूप दुरुस्त करावयास आलेल्या कारागिराने दिवाणखान्यातील खुर्च्या का हलवाव्या? ही दोन कामे एकाच गाठोड्यात बांधून दारात ठेवली, म्हणजे चोराच्या भीतीने दुसरे कामही मुकाट्याने पत्करावे लागते.

हे घडते कसे, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण यात सर्वस्वी दुष्टावा आहे असे आम्हांस वाटत नाही. लहान अपडेट जुन्याच प्रणालीला ठिगळ लावते. मोठे अपडेट मात्र पुष्कळदा जुन्या प्रणालीशेजारी नवीच प्रणाली उभी करते, आणि मग जुन्या घरातील सामान नव्या घरात हलविते. बिऱ्हाड बदलताना हमालाच्या हाती यादी असते, तशी येथेही असते. यादीत लिहिलेले कपाट सुखरूप पोहोचते. खुंटीवरची टोपी, देव्हाऱ्यामागे खोचलेली किल्ली, कोनाड्यातील चष्मा यांची नोंद कोणी केलेली नसते. प्रणाली बनविणाऱ्यास जी सेटिंगे स्वतःची म्हणून ठाऊक आहेत ती पुढे जातात. आपण बाहेरून आणून बसविलेला कळफलक, एखाद्या जुन्या यंत्राचा चालक, कोणी खोल हात घालून केलेला फेरफार, हे मागे राहण्याचा संभव फार. आणि जेथे वस्तू सापडत नाही, तेथे 'मूळची' वस्तू मांडली जाते. ही मूळची म्हणजे कोणाची? कोण्या एका कल्पित मनुष्याची. त्याची दृष्टी निर्दोष आहे, तो इंग्रजीत लिहितो, लेटर कागदावर छापतो, आणि कंपनी जे जे पुढे करील ते ते त्यास आवडते. या गृहस्थाची व आमची अद्याप भेट झालेली नाही.

आता या शेवटच्या गुणाविषयी थोडे. हरवलेल्या वस्तूच्या जागी मांडलेली वस्तू मांडणाऱ्याच्याच दुकानातील निघू लागली, की भोळ्या माणसासही शंका येते. ही शंका केवळ आमच्यासारख्या चिडखोरांची नाही. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० निघाले, तेव्हा फायरफॉक्स हा ब्राउझर बनविणाऱ्या मोझिला संस्थेच्या प्रमुखांनी मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांस उघडे पत्र लिहून हीच तक्रार केली, की नव्या प्रणालीवर जाताना लोकांनी स्वतः केलेली ब्राउझरची निवड बाजूस सारली जात आहे. त्याच्याही आधीचे प्रकरण युरोपातील आहे. तेथे ग्राहकांस ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवू, असे वचन मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये युरोपीय आयोगास दिले होते. पुढे विंडोज ७ची एक मोठी दुरुस्ती आली, आणि मे २०११ पासून जुलै २०१२ पर्यंत सुमारे दीड कोटी लोकांस तो पडदा दिसलाच नाही. कंपनीने ही तांत्रिक चूक असल्याचे सांगितले. आयोगाने मार्च २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरो दंड केला. चूक खरोखर चूकच असेल. तरी चौदा महिने ती कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे नवल वाटते. चुकून आपल्या खिशात आलेले नाणे मोजावयास मनुष्यास नेहमीच उशीर होतो.

मोठ्या कंपन्यांचे व आयोगांचे त्यांच्यापाशी. दंड भरला जातो, पत्रे छापली जातात. आम्ही लेखणी उचलली ती आमच्या आत्याबाईंच्या निमित्ताने.

आत्याबाई अठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सातारच्या एका कचेरीत त्यांनी मराठी टंकलेखनात सारा जन्म काढला. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या, त्या संगणकावर. पण हात टंकयंत्राचा. त्या जुन्या कळफलकाची रीत निराळी आहे. 'किरण' लिहावयाचे तर डोळ्यास दिसते तशी पहिली वेलांटी आधी व 'क' मागून. आजच्या सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'क' आधी व वेलांटी मागून. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ही मांडणी अधिक शास्त्रशुद्ध आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण पस्तीस वर्षांत बोटांनी जे पाठ केले, ते शास्त्राला विचारून केलेले नसते. म्हणून आमच्या पुतणीने त्यांच्या संगणकावर टंकयंत्रासारखा कळफलक बसवून दिला होता व अक्षर चांगले ठसठशीत केले होते. प्रकरणांमागून प्रकरणे होत होती. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, त्या वेळी विशीतल्या आत्याबाई, नवी नोकरी, थंडीत अंगणात येऊन उभी राहिलेली सारी आळी, येथपर्यंत मजकूर आला होता.

तो एकाएकी थांबला. दूरध्वनीवर विचारले, तर "होईल सावकाश" एवढेच उत्तर. तीन आठवड्यांनी त्यांनीच फोन केला आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "अरे, मेंदूचा डॉक्टर कोण चांगला आहे रे तुमच्याकडे?"

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. त्यांनी हळूहळू सांगितले ते असे. एके सकाळी त्या लिहावयास बसल्या, तो बोटे एक लिहीत होती आणि पडद्यावर दुसरेच उमटत होते. तेही इतके बारीक, की नीट वाचता येईना. पुन्हा पुन्हा करून पाहिले, तेच. "बोटं विसरली रे माझी," त्या म्हणाल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीची अखेरची वर्षे विस्मृतीत गेली. शेवटी ती पोटच्या मुलांसही ओळखीत नव्हती. आत्याबाईंनी हे सारे जवळून पाहिलेले. तेव्हा त्यांनी संगणक मिटला, वर रुमाल घातला, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकोणतिसाचा पाढा म्हणून पाहू लागल्या. पाढा न चुकता येई. तरी भीती जाईना. कारण बहिणीलाही म्हणे पाढे शेवटपर्यंत येत होते.

संगणक उघडून पाहिला. रात्रीतून मोठे अपडेट होऊन गेले होते, आणि त्यात बाहेरून बसविलेला कळफलक गेला होता. काही प्रणालींत मागे फिरण्यास थोडी मुदत असते. येथे ती केव्हाच उलटली होती. कळफलक पुन्हा बसविण्यास आम्हांस अर्धा तास लागला, अक्षर वाढविण्यास एक मिनिट. आत्याबाईंनी खुर्चीवर बसून आपले पूर्ण नाव लिहिले, मग कचेरीचा पत्ता लिहिला, आणि बराच वेळ पडद्याकडे पाहून विचारले, "म्हणजे मी नाही ना विसरले काही?"

एवढे सारे होत असता त्या यंत्रावर ही गोष्ट सांगणारी एक ओळ कोठेही नव्हती. नव्या सोयींचे स्वागत करणारी चित्रे होती. 'तुमचा कळफलक आम्हांस पुढे आणता आला नाही' हे सात शब्द नव्हते. हे सात शब्द असते, तर तीन आठवड्यांच्या रात्री वाचल्या असत्या. यंत्र बिघडले म्हणजे यंत्रास दोष देण्याचा धीर तरुणांस असतो. म्हातारी माणसे आधी स्वतःकडे पाहतात, आणि त्यांस तेथे दोष सापडतोही. त्या वयात शोधणाऱ्यास काही ना काही सापडतेच.

विचारणे अशक्य आहे, असे मात्र कोणी सांगू नये. १९९३ मध्ये सुरू झालेली डेबियन नावाची एक मुक्त प्रणाली आहे. तिच्यात एखाद्या कार्यक्रमाची सेटिंगे लिहिलेली फाइल तुम्ही हाताने बदलली असली, आणि अपडेटाबरोबर त्याच फाइलीची नवी प्रत आली, तर काम थांबते व प्रश्न येतो: तुमची प्रत ठेवावयाची की नवी घ्यावयाची? दोहोंतील फरकही दाखविला जातो. तुम्ही काही न निवडता नुसती कळ दाबून पुढे गेलात, तर तुमचीच प्रत राखली जाते. माणसाने केलेला बदल अपडेटात जपलाच पाहिजे, हा त्यांचा लेखी नियम आहे. त्या प्रश्नाची भाषा आत्याबाईंस कळेल अशी नाही, हे कबूल; आम्हांसही ती दोनदा वाचावी लागली. पण तेथे घराचा मालक कोण, याविषयी संशय नाही. याच्या कितीतरी पट पैसा आणि माणसे ज्यांच्यापाशी आहेत, त्यांना एवढा प्रश्न साध्या मराठीत विचारता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही.

तूर्त आत्याबाईंनी एक जुनी वही काढली आहे. तिच्यात त्यांच्या वळणदार अक्षरात आपल्या संगणकाची सारी व्यवस्था लिहिली आहे: कळफलक कोणता, अक्षर किती टक्के, कागद कोणता, तारीख कशी. बाजूला एक रकाना कोरा ठेवला आहे. 'अपडेट झाल्याचा दिवस' असे त्याचे शीर्षक. त्या रकान्यात आतापर्यंत तीन नोंदी झाल्या. तिसऱ्या वेळी अक्षर बारीक झाले होते. ते त्यांनी वहीत पाहून स्वतःच मोठे केले, आणि मग आम्हांस फोन करून, काहीशा तोऱ्यात, तसे कळविले. भूकंपाच्या प्रकरणाची अकरा पाने गेल्या आठवड्यात टपालाने आली आहेत. ती ए४ कागदावर आहेत.