पाट्याचे माहेर

परमुलखी नोकरी करणाऱ्या माणसाचे प्रवास बहुधा ठरलेले असतात. वर्षातून एकदा गाव, घरात लग्नमुंज निघाल्यास आणखी एकदा, आणि बदलीचा हुकूम आलाच तर बिऱ्हाडासकट एकदा. या तिहींत न बसणारा एक प्रवास आम्ही गेले वर्षभर दिल्लीत बसून कागदावर आखीत आहो. हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावरचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातील ‘पितों द ला फुर्नेझ’, म्हणजे भट्टीचे शिखर, हा जागता ज्वालामुखी आम्हांस पाहावयाचा आहे.

कचेरीतील स्नेही म्हणतात, डोंगरच पाहावयाचा तर हिमालय एका रात्रीच्या अंतरावर आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण हिमालयाशी आमचा परिचय आहे, आणि या डोंगराशी नाते आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील ज्या तप्त स्थानातून लाव्हा उसळून दख्खनचे पठार घडले, तेच स्थान आज रियुनियनखाली धगधगत आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताची भूमी वर्षाकाठी वीतभरही नसेल अशा चालीने उत्तरेकडे सरकत गेली. वाटेत मालदीव, मॉरिशस अशा खुणा उमटल्या. चूल मात्र मागेच राहिली. रायगडाचा कडा, वेरूळचे कैलास लेणे, आमच्या घराचे जोते, सारा तिचाच पाषाण! सरकारी भाषेत सांगावयाचे तर बदली भूमीची झाली, मुख्यालय हलले नाही.

बेत आखताना आम्ही टिपणी लिहिण्याची सवय सोडली नाही. उद्यानाची स्थापना २००७ सालची. बेटाचा सुमारे ४२ टक्के भाग त्यात येतो. २०१० साली तेथील शिखरे व कडे जागतिक वारशाच्या यादीत गेले. डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत चक्रीवादळांची भीती, म्हणून ऑक्टोबर बरा. मुंबईहून विमानाने मॉरिशस, तेथून पाऊण तासाचे उड्डाण. मॉरिशसला दोन दिवस थांबावे, असा सौभाग्यवतींचा आग्रह आहे. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आजही गणपती बसवितात.

पुढे बूर-म्युरा या गावी मुक्काम. तेथून पहाटे निघून वाळूच्या ओसाड मैदानातून पा द बेलकोंब या कड्यावर पोहोचावयाचे. उंची सुमारे २,३०० मीटर, म्हणून लोकरी कपडे हवेत. आणि दिवस वर आला की ढग चढतात, म्हणून उशीर नको. कड्यावरून खालच्या विस्तीर्ण खळग्यात पायऱ्या उतरतात. समोर २,६३२ मीटरचे शिखर.

पण खरी अडचण पुढेच आहे. १९७९ सालापासून तेथे वेधशाळा आहे. उद्रेकाची चिन्हे दिसली की खळग्याची वाट बंद होते. डोंगर निजला असेल तर जवळ जाता येते. जागा झाला तर दुरून पाहावे लागते. १९७७ साली तर त्याचा लाव्हा खाली पितों सेंत-रोझ गावात शिरला, अनेक घरे गेली, आणि तेथील चर्चला वेढा घालून दारापाशीच थांबला. अशा यजमानाकडे आगाऊ पत्र पाठवून तारीख कशी ठरवावी?

आणि तारखेचाच प्रश्न आमच्या घरीही आहे. अर्जित रजा वर्षाची ३० दिवस; तिचा मोठा भाग भाद्रपदात आईकडे जातो. परदेशगमनाची परवानगी वेगळी, आणि एलटीसी देशाबाहेर चालत नाही. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी तिने माडीचा जिना चढणे सोडले, हे तिने नव्हे, शेजाऱ्यांनी आम्हांस कळविले.

दूरध्वनीवर बेत सांगितला तेव्हा तिने विचारले, “तिथं आपलं कोण आहे रे?” आम्ही दगडाची सारी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या पाट्याचं माहेरच म्हणायचं. जाऊन ये. पण गणपती चुकवू नकोस.”

त्या रात्री आम्ही आकडेमोड पुन्हा केली. दोन्ही गोष्टी एका वर्षात बसविता येतात, पण मग आईकडे चारच दिवस उरतात. डोंगराचे वय कोटींत मोजतात. आईचे भाद्रपद आम्हांस बोटांवर मोजावे लागतात. यंदाच्या रजेचा अर्ज गावच्या नावे गेला आहे, आणि तो वीस दिवसांचा आहे.

रियुनियनची फाईल बंद केलेली नाही. तीवर ‘पुढील ऑक्टोबर’ असा शेरा आहे. चिरंजीवांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढविली आहे: येताना आजीसाठी तिथला एक दगड. राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलू नये, हे त्यांस समजावून सांगावे लागेल. आजीजवळ तो आहेच, हेही.