“हे माझ्या हातचं नाही”

आमच्याकडे शेतकी खात्याचा माणूस म्हणजे पिकाचाही डॉक्टर आणि ढोरांचाही, असा लोकांचा समज असतो. नोकरीला लागलो त्या काळची गोष्ट. श्रावणातली रात्र होती. वसईच्या पूर्वेला, पारोळकडच्या एका घरातून बोलावणे आले, “सायब, म्हस अडलीय.” मी बी. एस्सी. अ‍ॅग्री. झालेला. भाताचा करपा ओळखीन, पण अडलेली म्हैस? तरीही गेलो.

गोठ्यात चार गडी दोरी लावून ओढायच्या बेतात होते. तेवढ्यात पशुधन पर्यवेक्षक सायकलवरून भिजत आले. त्यांनी हात धुतले, आत घालून पाहिले आणि सगळ्यांना थांबवले. “पिशवीला पीळ पडलाय. ओढलंत तर म्हस जाईल. हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरच पाहिजेत.” मोटारसायकल धाडली. डॉक्टरांनी म्हशीला आडवी पाडून, पोटावर फळी ठेवून लोळवली, तेव्हा पीळ सुटला. रेडकू मेलेलेच निघाले, पण म्हैस वाचली. त्या घराची सारी दूधविक्री तिच्यावरच होती.

गेल्या महिन्यात त्याच घरातली नात माझ्याकडे आली. “काका, बारावी झाली. ढोरांच्या दवाखान्यातलं शिकू का?” आई म्हणाली, “रात्री-बेरात्री गोठ्यात जायचं, पोरीच्या जातीला जमेल का?” बापाला ती वसईच्या कारखान्यात लागलेली हवी होती. मी तिला जे सांगितले, तेच आपणा सर्वांना सांगतो.

या विद्येला दारे बरीच आहेत. पहिले सरकारी. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर, म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी दोनचे दवाखाने मुख्यतः पर्यवेक्षकांच्या जिवावर चालत आले आहेत. पगार बरा, निवृत्तीपर्यंत निश्चिंती. पण जागा थोड्या, आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. तिच्या वाटेकडे डोळे लावून घरी बसू नये. 1962 या क्रमांकावर फोन केला की येणाऱ्या फिरत्या दवाखान्यातही डॉक्टरांच्या जोडीला एक सहायक लागतो.

दुसरे दार संस्थांचे. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ सुरू केली. तिच्या माणसांनी दारोदार जाऊन कृत्रिम रेतन केले, तेव्हा खेड्यांत संकरित गाई दिसू लागल्या. ‘मैत्री’ योजनेतही गावच्या मुलामुलींना रेतनाचे शिक्षण देतात. त्यात पगार नाही, जितके काम तितके पैसे.

तिसरे दार खासगी. आमच्या महामार्गालगतच्या तबेल्यांत म्हशींची निगा राखणारा माणूस नेहमीच लागतो. विरार-नालासोपाऱ्यात कुत्र्यामांजरांचे दवाखाने झाले आहेत, तिथे मदतनीस ठेवतात. पगार सुरुवातीला बेताचाच.

आता मुख्य गोष्ट. 1984 च्या कायद्याप्रमाणे उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा. पदविकाधारकाने मलमपट्टी, लसीकरण, रेतन यांसारखी ठरवून दिलेली कामे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची. चार दिवस कुणाच्या मागे पिशवी धरून फिरले आणि सुई टोचू लागले, असे करू नये. तबेल्यात कुणी पान्हा सोडवण्याचे इंजेक्शन रोज द्यायला सांगेल, कुणी दूध आटले म्हणून उगाच प्रतिजैविक मागेल. तिथे ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. त्या दिवशी गिऱ्हाईक रागावेल, कदाचित तुटेलही. ते सोसण्याची तयारी हवी.

पदविकेची संस्था निवडताना ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, ते आधी पाहावे. फी भरण्यापूर्वी, भरल्यानंतर नव्हे!

आईच्या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. रात्रीची हाक येणारच, आणि पावसात आडवाटेला जावेही लागणार. कोपऱ्यात आजोबा बसले होते. ते एवढेच बोलले, “त्या रात्री तो माणूस आला नसता तर तुझ्या लग्नात दावणीला म्हस नसती, सूनबाई.”

आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पोरगी अर्जाचा कागद घेऊन आली, तेव्हा आई तिच्यासोबत होती.