उन्हात मालेगाव, पावसात इगतपुरी, थंडीत निफाड

रविवार, २० मे २०१८

पहाटे साडेचारला नाशिकमधलं द्वारका सोडलं. उन्हाळ्यात मालेगावला सायकलवर जायचं तर ऊन चढायच्या आत पोहोचायचं, त्याला पर्याय नाही. आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव बसवंत, वडाळीभोईपर्यंत द्राक्षबागांमुळे हवेत थोडी ओल असते. चांदवड मागे टाकून राहुड घाट उतरला की ती ओल संपते. उमराणे, सौंदाणे ओलांडेपर्यंत डांबर तापायला लागलेलं असतं. आठ वाजले नाहीत तोच हँडलचं धातूचं टोक हाताला चटका देतं.

या उन्हाची गंमत नाही, धोका आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. आपल्या कातडीचं तापमान साधारण पस्तीस अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की अंगावर येणारा वारा शरीराची उष्णता काढून नेत नाही, उलट आणखी उष्णता देतो. मग घाम वाळण्यावरच सगळी भिस्त. मालेगावची हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आधी वाळतो. माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही, आणि तो पाणी कमी पितो. सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले की समजायचं, शरीरातलं किती गेलं ते. नुसतं पाणी ढोसून भागत नाही. लिंबू, साखर, मीठ घातलेली बाटली तहान लागायच्या आधी तोंडाला लावायची.

दुपार नात्यातल्या घरी काढली. चारच्या सुमाराला गल्लीत कुल्फीवाला आला. साधी काळी सायकल, मागे कॅरिअरला बांधलेली जड पेटी. दुपारी बारापासून फिरतोय म्हणाला. डोक्याला फक्त ओला पंचा. "या उन्हात त्रास नाही का होत, दादा?" "ताई, ऊन नसलं तर घेणार कोण? आमचा धंदाच उन्हाचा."

संध्याकाळी परतताना वारा समोरून आणि रस्ता चढाचा. मालेगाव नाशिकपेक्षा खाली आहे, हे नकाशापेक्षा पोटऱ्यांना आधी कळतं.

नाशिकच्या महाजन बंधूंची आठवण होत राहिली. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. ओशनसाइड ते अ‍ॅनापोलिस, सुमारे ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. गेल्या वर्षी नाशिककरांनी आपले मानलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. एकट्याने ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्या वाटेत आधी भाजून काढणारं वाळवंट लागतं आणि मग रॉकी पर्वतातली थंडी. आमच्या जिल्ह्यात हे सगळं वर्षभरात वाटून मिळतं, म्हणून नाशिकच्या सायकलस्वाराने ऋतू टाळू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

रविवार, १५ जुलै २०१८

आज उलट दिशा. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, घोटी, इगतपुरी. जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, पण हवामान पार दुसऱ्या मुलखातलं. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि इथेच मोकळे होतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तेच ढग मालेगावपर्यंत जाता जाता रिकामे झालेले असतात, तिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना सहापट फरक.

विल्होळीपर्यंत भुरभुर होती. मुंढेगावनंतर पाऊस आडवा झाला. चष्मा काढून खिशात घातला, कारण काचेवरच्या पाण्यापेक्षा उघड्या डोळ्यांना जास्त दिसतं. रिम ओली असते तेव्हा ब्रेक दाबल्यावर पहिला क्षण नुसता पाणी पुसण्यात जातो, सायकल थांबत नाही. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका लावून रिम कोरडी करून घ्यायची. रस्त्याकडेचा पांढरा पट्टा साबणासारखा निसरडा होतो. आणि पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे वरून कधीच कळत नाही, त्यामुळे प्रत्येक डबकं खोलच आहे असं धरून चालायचं.

घोटीच्या पुढे भातखाचरांत आवणी चालली होती. बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद. एका म्हाताऱ्या बाबांच्या डोक्यावर मात्र बांबू आणि पानांचं इरलं. त्याखाली पाठ कोरडी राहते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि आत घाम साचत नाही. माझ्या महागड्या रेनकोटाच्या आत मी घामाने तितकीच भिजले होते.

कसारा घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं की पुढचा ट्रक फक्त आवाजाने ओळखायचा. घाट उतरले नाही. अशा दिवशी माघारी वळणं हेच शहाणपण.

परतीला हुडहुडी भरली. पारा वीसच्या वर असूनही ओलं अंग आणि वारा मिळून माणसाला गारठवून टाकतात. थंडी फक्त डिसेंबरातच बाधते असं नाही.

रविवार, १९ ऑगस्ट २०१८

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ‘ट्रान्स सायबेरियन एक्स्ट्रीम’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. मॉस्को ते व्लादिवोस्तोक, सुमारे ९,१०० किलोमीटर, पंधरा टप्पे. एकेक टप्पा हजाराच्या पुढचाही. दोन्ही शहरांच्या घड्याळांत सात तासांचा फरक! विदर्भाच्या उन्हात तयार झालेला माणूस उत्तरेतल्या पावसात आणि गारठ्यात दिवसरात्र सायकल चालवतो, याचा आज फार आनंद झाला.

रविवार, ४ नोव्हेंबर २०१८

दिवाळी तीन दिवसांवर. ३१ ऑक्टोबरला राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यात मालेगाव, नांदगाव, सिन्नर. जुलैत पावसाधुक्यात जिथे मला पुढचं दिसत नव्हतं त्याच जिल्ह्यात आता पाण्याचे टँकर. आज सिन्नरपर्यंतच गेले. बोलावंसं काही वाटलं नाही.

रविवार, ३० डिसेंबर २०१८

या आठवड्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली. म्हणून मुद्दाम तिकडे निघाले. आडगाव सोडलं तेव्हा अंधार. चांदोरीजवळ गोदावरीच्या अंगाला धुकं, आणि धुक्यात शिरताच गारवा हाडांत उतरला. आकाश निरभ्र, हवा कोरडी, उत्तरेचे वारे. जमीन दिवसभराची ऊब रात्री सोडून देते आणि जड, थंड हवा नदीकाठच्या सखल भागात साचून राहते. निफाडला पारा इतका खाली जातो तो त्यामुळे.

सायकलवर आधी बोटं जातात. कान, नाक दुखतात तरी चालतं. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही, तो खरा धोका. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या दोन घड्या घातल्या होत्या. दूधवाल्यांकडून शिकलेली ही युक्ती कुठल्याही दुकानातल्या कपड्याला हार जात नाही.

द्राक्षबागांमध्ये ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या. काही जण पहाटेच विहिरीचं पाणी ठिबकने सोडत होते, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. या थंडीत मण्यांची फुगवण थांबते, तयार मण्यांना तडे जातात, रात्र आणि दिवस यांच्या तापमानातला फरक वाढला की पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. एका बागाईतदाराने पानावरचं गोठलेलं दव दाखवलं. "वर्षाचा खर्च आहे हो हा. एका रात्रीत जातो."

उजाडताना पेठ, सुरगाण्याकडचे मजूर यायला लागले. थिनिंगसाठी म्हणजे मण्यांच्या विरळणीसाठी, डिपिंगसाठी म्हणजे घड औषधात बुडवण्यासाठी. एकेका मोटारसायकलवर तिघे. चालवणाऱ्याच्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधलेल्या. मागे बसलेल्या मुलीच्या पायात साध्या चपला. तिला विचारलं, "थंडी वाजत नाही का ग?" ती म्हणाली, "येईस्तोवर वाजती. कामाला लागलं की नाही वाजत." पुढे एक ग्रामीण डाकसेवक भेटले, सायकलीला थैली अडकवलेली. सावकाश, न थांबता निघून गेले.

आम्ही हौसेने येतो, पदकं मिळवतो, आमचे फोटो छापून येतात. हे सगळे हेच ऋतू आमच्याहून जास्त वेळ, आमच्याहून वाईट रस्त्यांवर, हातमोज्यांशिवाय काढतात. नाशिकला सायकलींचं शहर म्हणतात तेव्हा त्यात ही माणसंही धरायला हवीत.

रविवार, ६ जानेवारी २०१९

ओळखीच्या सायकलस्वारांना आज निरोप पाठवले. तुम्हीही वाचत असाल तर ऐका. घरात पडून असलेले हातमोजे, कानटोप्या, जुनी जाकिटं, मागे लावायचे लाल दिवे, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या बाहेर काढा. चांदोरी, निफाड, पिंपळगाव या रस्त्यांवर पहाटे सहाच्या सुमाराला उभे राहा आणि जो गाडीवर किंवा सायकलवर उघड्या हातांनी येईल त्याला द्या. नाव विचारू नका, फोटो काढू नका. उन्हाळ्यात हेच पाण्याच्या बाटल्यांचं करू, पावसाळ्यात रेनकोटांचं. पण आधी हातमोजे, कारण या भागात थंडीचे अजून काही आठवडे बाकी आहेत.